खंडेनवमीची होडी

नोकरीत लोक काय काय खातात. मी चार मिनिटं खाल्ली.

ती कुणाला दिसली नाहीत, कारण कामाच्या कार्डावर मी ती नीट लिहून ठेवली होती. ‘ओव्हनमधला वेळ : चोवीस मिनिटं.’ अक्षर माझं, वळणदार. प्रत्यक्षात वीसच झाली होती. त्या चार मिनिटांपायी एका मुलीचा खांदा निखळला आणि एका माणसाची भट्टी गेली. माझं काहीच गेलं नाही. उलट त्या वर्षी उत्तम गुणवत्तेबद्दल मला स्टीलचा चार पुडांचा डबा मिळाला. डबा अजून घरी आहे. मी त्यातून जेवत नाही. बायको त्यात सुकं खोबरं ठेवते.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी सांगितलं होतं, की कारखान्यातल्या गमतीजमती लिहा, लोकांना हलकंफुलकं आवडतं. गमती आहेतच. पण ही एक गोष्ट सोडून बाकीच्या लिहिल्या, तर तो आणखी एक खोटा कागद होईल.

मी अठ्ठावीस वर्षं प्लास्टिकच्या टाक्या बनवतोय. राहायला पिंपरीत, संत तुकाराम नगरात, कारखाना निघोज्यात. तुमच्या गच्चीवर जी काळी टाकी आहे, ती कशी बनते याचा तुम्ही कधी विचार केला नसेल, आणि तो करू नये म्हणूनच आम्ही पगार घेतो. तरी सांगतो. पोकळ लोखंडी साचा असतो. त्यात पिठासारखी प्लास्टिकची पावडर मोजून टाकायची, साचा घट्ट बंद करायचा आणि ओव्हनमध्ये दोन्ही अंगांनी सावकाश फिरवत ठेवायचा. पावडर वितळते आणि आतल्या भिंतींना सगळीकडून सारखी चिकटते. मग बाहेर काढून, फिरवत फिरवतच गार करायचा आणि उघडायचा. आत टाकी तयार. माझी बायको याला ‘झाकण लावून केलेली आंबोळी’ म्हणते. अठ्ठावीस वर्षांच्या तांत्रिक अनुभवाची याहून थोडक्यात वासलात मी ऐकलेली नाही.

या धंद्यात दाब नाही, ठोकाठोक नाही. आहे तो फक्त वेळ. जास्त झाला तर माल करपतो आणि ठिसूळ होतो. कमी झाला तर पावडरचे कण एकमेकांना नुसते चिकटतात, एकजीव होत नाहीत. अशी वस्तू बाहेरून अगदी गुळगुळीत दिसते. आतून मात्र टाचणीनं टोचल्यासारखी बारीक बारीक भोकं असतात. ती पाणी धरते, रंग धरते. फटका धरत नाही. माझ्यासारख्या माणसांचंही साधारण तसंच असतं, पण ते पुढे येईल.

गिऱ्हाइकांचे नमुने म्हणाल तर हवे तेवढे. एका गृहस्थांनी टाकी गळते म्हणून पाच वेळा फोन केला. जाऊन पाहिलं, तर शेजाऱ्यानं भिंतीच्या बाजूनं आपली तोटी बसवून घेतली होती. टाकी उत्तम होती, शेजार गळका होता. आणि आमच्या शेठना ‘नाही’ म्हणता येत नाही. एका गणपती मंडळाला देखाव्यासाठी हलके खडक हवे होते, ते आम्ही बनवून दिले. विसर्जनानंतर मंडळाच्या पोरांनी त्यातला एक आम्हालाच आणून दिला. तो अजून गेटपाशी पडलेला आहे. नवा ड्रायव्हर आला की ट्रक सरकू नये म्हणून तो खडक चाकाखाली सरकवतो, आणि ट्रकनं नुसता स्पर्श केला की खडक उडून वॉचमनच्या खुर्चीपर्यंत जातो.

त्याच खडकानं केतकीला आमच्याकडे आणलं. ती माझ्या मागच्या गल्लीतली. मी तिला दप्तर घेऊन शाळेत जाताना पाहिलेलं. आता आयटीत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी जीव धोक्यात घालते. एकदा मला काही कागद द्यायला ती गेटवर आली, खडक उचलून पाहिला आणि म्हणाली, “काका, तुम्ही खडक बनवता, तर खडकावर आपटणारी होडी बनवाल का?”

होडी म्हणजे कयाक. एका माणसाची, वरून बंद, मध्ये बसायला एक भोक. त्यात पाय घालून बसायचं, कमरेभोवती रबरी घेर ताणून भोक बंद करायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं घेऊन डोंगरातल्या ओढ्यात उतरायचं. ओढा म्हणजे साधा नव्हे. मावळाच्या पलीकडे, घाटाच्या कुशीत, जिथे रस्ता संपल्यावर दोन तास चालावं लागतं तिथला. पावसाळ्यात तो दगडांच्या पायऱ्यांवरून उड्या मारत खाली येतो. पावसाळा संपला की तिथे बकऱ्या चरतात. अशा पाण्याची होडी आखूड, गोल पोटाची आणि भक्कम लागते. ती परदेशातून येते आणि आमच्याच पद्धतीनं बनते, हे केतकीनं शोधून काढलं होतं.

शेठ अर्थातच ‘हो’ म्हणाले. साचा तयार झाला. पहिला नमुना फिकट हिरव्या रंगात काढायचा ठरलं आणि शॉपवर, म्हणजे यंत्रांच्या शेडमध्ये, त्याचं नाव पडलं ‘दुधी’.

आता बबनरावांबद्दल सांगायला हवं. ते आमचे ओव्हनवाले, म्हणजे त्यांच्या भाषेत भट्टीवाले. निघोज्याचेच. आज जिथे ओव्हन उभा आहे तिथे त्यांच्या आजोबांचं कांद्याचं वावर होतं. मे महिन्यात शेडमध्ये उभं राहवत नाही, तेव्हा ते म्हणतात, “आज्याला सांगितलं असतं, की हितं नातू भाजून निघनार हाय, तर म्हातारा म्हनला असता, मंग कांदा कशापायी लावू?” आमच्याकडे तापमान दाखवणारी यंत्रं आहेत, तरी बबनराव ओव्हनच्या दाराच्या फटीशी नाक नेऊन ‘झालं’ किंवा ‘कच्चं हाय’ सांगत. यंत्र आणि नाक यांच्यात वाद झाला तर आम्ही यंत्र दुरुस्तीला पाठवत असू.

केतकीचं आणि त्यांचं पहिल्याच दिवशी जमलं.

“पोरी, तसल्या वढ्यात आमची म्हस बी उतरत न्हाई.”

“म्हशीकडे हेल्मेट नसतं, मामा.”

“आन् तुझ्याकडं म्हशीची अक्कल न्हाई,” बबनराव म्हणाले आणि तिला चहा मागवला.

पहिला दुधी खंडेनवमीला काढायचा, ही शेठची कल्पना. त्या दिवशी आमच्याकडे सगळी यंत्रं थांबवतात, पुसून लखलखीत करतात आणि शेठच्या आई येऊन प्रत्येक यंत्राला हळदकुंकू, झेंडू वाहतात. चालत्या यंत्राची पूजा करत नाहीत, हा त्यांचा नियम. त्यांचे गुडघे दुखतात, मुहूर्त त्या घरून काढून आणतात आणि उशीर त्यांना खपत नाही. त्या सकाळी साचा चढवायला आम्हाला वेळ लागला. आई आल्या, ताट घेऊन ओव्हनसमोर उभ्या राहिल्या. घड्याळात वीस मिनिटं झाली होती. लागणार होती चोवीस.

आई मला म्हणाल्या, “अविनाश, बंद कर रे बाबा, मुहूर्त चाललाय.”

मी बबनरावांना म्हणालो, “काढा.”

त्यांनी फटीशी नाक नेलं. “कच्चं हाय, सायेब. चार मिन्टं. देव कुठं जातोय?”

“देव थांबेल हो. आई नाही थांबणार.”

मी स्वतःच बटण दाबलं. हा विनोद मला त्या वेळी चांगला वाटला होता. गरम साचा बाहेर आल्यावरही आत थोडा शिजतोच, अशी मी मनाची समजूत घातली. ती अगदी खोटी नाही. अर्धी खरी होती, आणि अशी समजूत फार टिकाऊ असते. पूजा झाली, पेढे वाटले, मी कार्ड भरलं आणि बबनरावांनी त्याच्यावर सही केली. आजवर ते माझ्या अक्षरावर न वाचता सही करत आले होते, तशीच.

दुपारी त्यांनी दुधीचं बसायचं भोक कापलं. कापल्यावर एक अंडाकृती तुकडा निघतो. बबनरावांनी तो उलटा करून आतली बाजू पाहिली, मला दाखवली. बारीक भोकं होती. फार नव्हती, पण होती. मी म्हणालो, “चालेल. नमुनाच आहे.” त्यांनी तुकडा काखेत मारला आणि त्या दिवसापासून जेवताना तो पाट म्हणून खाली घेऊ लागले. होडीवर मात्र आईंनी कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं. शेठ म्हणाले, हीच केतकीला द्या, शुभ आहे. मी तिथेच उभा होतो. काही बोललो नाही.

पुढच्या पावसाळ्यात, श्रावणाच्या तोंडावर, केतकी आणि तिचे दोन मित्र दुधी घेऊन निघाले. शेठना कॅटलॉगसाठी फोटो हवे होते, म्हणून मला पाठवलं. ज्यानं केली त्यानं बघावी, म्हणून बबनरावांना. रस्ता संपल्यावर बबनरावांनी होडी डोक्यावर घेतली आणि माहेरी निघाल्यासारखे चढू लागले. मी तीन वेळा पडलो. तिसऱ्या वेळी ते मागे न बघताच म्हणाले, “सायेब, जरा खाली बी ऱ्हावा, सारखं उठायची घाई नका करू.”

ओढ्याचा आवाज आधी पोटात ऐकू येतो, मग कानात. केतकी लगेच पाण्यात उतरली नाही, हे मला फार आवडलं. एका धबधब्यापाशी ती अर्धा तास नुसती बघत उभी होती. दीड पुरुष उंचीची उडी. वर एक काळा खडक पाण्याचे दोन भाग करतो. तिनं डावीकडच्या पाण्यात एक काठी टाकली. काठी खाली गेली. आम्ही वाट पाहिली. काठी वर आलीच नाही.

“तिकडे पाणी खडकाच्या पोटात शिरतं,” ती म्हणाली. “माणूसही तसाच आत जाईल. म्हणून उजवीकडून. तिथे खाली खोल डोह आहे, काही अडथळा नाही.”

मग तिनं वर जाऊन होडीत बसून घेर बांधला. एक मित्र खाली दोर घेऊन उभा राहिला. ती आली ती इतकी सरळ, की वल्हं दोनदाच पाण्याला लागलेलं मी मोजलं. खडकाच्या उजवीकडून घसरली, हवेत आली आणि दुधी धप्पकन डोहावर सपाट बसला. वर आली तेव्हा हसत होती. मी टाळ्या वाजवल्या. आणि टाळ्या वाजवत असतानाच होडी तिच्याखाली बुडू लागली.

पाणी आत कुठून येतंय हे तिला कळेना. भरलेली होडी दगडासारखी जड होते आणि डोहाच्या पुढे पुढची उडी होती. ती कशीबशी बाहेर निघाली, मित्रानं दोर फेकला, तो तिनं एका हातानं धरला आणि प्रवाहानं हिसका दिला. तिची किंकाळी ओढ्याच्या आवाजावरून ऐकू आली. बबनराव कमरेएवढ्या पाण्यात घुसले आणि तिला दंडाला नव्हे, लाइफ जॅकेटच्या पट्ट्याला धरून ओढून काढलं. दुधी पुढे वाकड्या दगडाला अडकला, तोही त्यांनीच काढला. बुडाशी, बसायच्या जागेखाली, वीतभर चीर होती. बबनरावांनी तिच्यावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

त्यांच्या टॉवेलनं तिचा हात गळ्याला बांधून आम्ही परत निघालो. वाटेत केतकीनं विचारलं, “काका, खाली खडक होता का? माझा अंदाज चुकला का?”

मी म्हणालो, “असेल. पाण्याखालचं कुणाला दिसतं?”

हे वाक्य मी तेव्हापासून पुष्कळदा ऐकलंय, माझ्याच आवाजात.

शेठनी चौकशी केली. कार्डावर वेळ बरोबर होती. म्हणजे पावडर कमी टाकली असणार. पावडर मोजणारा आणि सही करणारा बबन. हिशेब एका ओळीत सुटला. मी समोर बसून टेबलावरचा टाचण्यांचा डबा उघडत-मिटत होतो. बबनरावांना ओव्हनवरून काढून ट्रिमिंगच्या टेबलावर दिलं. ट्रिमिंग म्हणजे दुसऱ्यानं शिजवलेल्या मालाच्या कडा सुरीनं तासायच्या. ते माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाले, “बरं.”

सव्वा वर्ष ते ट्रिमिंगला होते. मला कधी वाकडं बोलले नाहीत. फक्त चिडवत. लिंबाखाली जेवायला बसले आणि मी तिथून गेलो, की पाट उपडा करून आतली बाजू वर करायचे आणि जागा द्यायचे.

“बसा की, सायेब. टोचत न्हाई, भोकंच हायेत.”

आजूबाजूचे हसायचे, त्यांना वाटे, पाटाची थट्टा चाललीय. मी ‘जेवलोय’ म्हणून पुढे जात असे, न जेवता. एकदा एकट्यात विचारलं, “तुम्ही शेठना का नाही सांगितलं?” ते म्हणाले, “तुमी सांगाल म्हनून थांबलो. मंग थांबायची सवय लागली.”

मग गेल्या वर्षीची खंडेनवमी आली. केतकीचा खांदा बरा झाला होता आणि तिनं शेठच्या मागे लागून नवी, जास्त जाडीची होडी मंजूर करून घेतली होती. पहिला नमुना पुन्हा त्याच दिवशी, शेठची हौस. जाडी वाढली म्हणजे वेळ वाढला : सत्तावीस मिनिटं. साचा ओव्हनमध्ये फिरत होता, नवा ऑपरेटर बटणापाशी उभा होता, आणि केतकी ओव्हनसमोर मला एक कागद दाखवत होती. त्याच धबधब्याचं चित्र काढलं होतं तिनं, बाणांसकट.

“येत्या पावसाळ्यात तीच उडी, काका. पण डावीकडून.”

“डावीकडून? तिकडे काठी गेली ती आली नाही.”

“काठीला वल्हं नव्हतं.” ती हसली. “उजवीकडे डोहात खडक आहे ना. तुम्हीच म्हणालात, असेल. मला तर तो दिसलाही नव्हता. म्हणजे उजवं पाणी मला वाचता येत नाही. डावीकडे निदान काय धोका आहे ते माहितीये.”

माझं ते एक गुळगुळीत वाक्य या मुलीनं खरं मानलं होतं, आणि त्याच्यावर विसंबून ती त्या खडकाच्या पोटात शिरायला निघाली होती.

तेवढ्यात मागून आवाज आला, “अविनाश, बंद कर रे बाबा.” आई ताट घेऊन उभ्या होत्या. नव्या ऑपरेटरचा हात बटणावर. घड्याळात बावीस मिनिटं.

“हात काढ,” मी त्याला म्हणालो. “आई, अजून पाच मिनिटं लागतील.”

शेठ म्हणाले, “अहो अविनाशराव, पाच मिनिटांनी काय होतंय?”

“चार मिनिटांनी काय झालं ते सांगतो, शेठ.”

शॉपवरचे सगळे पूजेला जमलेलेच होते. बबनराव ट्रिमिंगच्या टेबलापाशी आपल्या सुरीला कुंकू लावत होते. मी त्यांच्याकडे गेलो आणि म्हणालो, “पाट देता का?” त्यांनी टेबलाखालून काढून दिला. मी तो उलटा करून केतकीच्या हातात ठेवला, तिची बोटं आतल्या बाजूवरून फिरवली.

“हा तुझ्या दुधीचा तुकडा आहे,” मी म्हणालो. “तेव्हा जरा गडबड झाली होती. मुहूर्ताची घाई होती, आईंचे गुडघे दुखत होते, म्हणजे वेळेत थोडा फरक पडला असण्याची शक्यता...”

बबनरावांनी नाक पुढे केलं आणि ओव्हनच्या फटीशी घेतात तसा माझ्या दिशेनं वास घेतला.

“कच्चं हाय, सायेब.”

दोघेतिघे हसले. आईंनी विचारलं, “काय कच्चं आहे?” मलाही हसू आलं, आणि मग मी सरळ सांगितलं.

“केतकी, उजवीकडे खडक नव्हता. तुझा अंदाज बरोबर होता, तू बरोबर उतरलीस, होडी कच्ची होती. ती मी चार मिनिटं आधी काढली आणि कार्डावर खोटं लिहिलं. तुझा खांदा गेला तेव्हाही मी खडकाचं नाव पुढे केलं. डावीकडे जाऊ नकोस. शेठ, पावडर पुरेपूर होती. बबनरावांनी मला थांबवलं होतं, मी ऐकलं नाही, आणि त्यांच्यावर आळ आला तेव्हा तोंड उघडलं नाही. बबनराव, तुमची भट्टी माझ्यामुळे गेली. सव्वा वर्ष मी रोज तुमच्यासमोरून ‘जेवलोय’ सांगत गेलो. चूक माझी, सगळी माझी. मला माफ करा.”

ओव्हनमध्ये साचा फिरतच होता. केतकीनं तो कागद घडी करून खिशात घातला. बबनरावांनी सुरी टेबलावर ठेवली, हात पुसले, नव्या ऑपरेटरला खांद्याला धरून बाजूला केलं आणि फटीशी नाक नेलं. मग आईंकडे वळून म्हणाले,

“आजी, अजून एक मिनिट. देव कुठं जातोय?”